चालत्या इंजिनाला बाहेरून ऑइल फिल्टर? माझ्या मते नको

खटारा (म्युनिक)

गाडी १९७१ची फोक्सवॅगन बस, बे-विंडो (पुढे एकच मोठी वळलेली काच) कॅम्पर. इंजिन १६०० सीसी, टाइप १ म्हणजे बीटलच्याच जातीचं, हवेवर थंड होणारं. उन्हाळ्यात आल्प्समधला ब्रेनरचा घाट ओलांडून इटलीत उतरायचा बेत आहे म्हणून एका गॅरेजला दाखवली, तर मिस्त्रीचं पहिलं वाक्य: "याला ऑइल फिल्टरच नाही, बाहेरून लावून घ्या." इंजिन खोलायची गरज नाही, गाडीतच केसला (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला) भोक पाडून आटे मारतो म्हणाला.

मी नाही म्हणालो. का ते लिहितो. न पटलं तर खुशाल झोडपा.

या इंजिनात तेल मावतं अडीच लिटर. तेलाच्या चेंबरच्या तळाला तारेची गोल जाळी, एवढीच काय ती गाळणी. पण कंपनीचा हिशेबच तसा होता: दर ५००० किलोमीटरला तेल काढायचं, जाळी धुवायची. घाण साठायच्या आत तेलच बदललं, तर फिल्टरने आणखी काय दिवे लावायचे? तेल काही नुसत्या कचऱ्याने खराब होत नाही. गाडी कायम जवळच्या जवळ फिरवली, इंजिन नीट तापलंच नाही, की तेलात पेट्रोल उतरतं, पाण्याचा अंश राहतो, आम्ल तयार होतं. यातलं काहीच फिल्टर पकडत नाही. फिल्टर लावणारा मात्र निर्धास्त होतो आणि तेल बदलायचं पुढच्या महिन्यावर ढकलतो.

दुसरा मुद्दा पाइपांचा. मूळ रचनेत दाबाखालचं तेल केसमधल्या वाटांनी आणि वर बोल्टने बसवलेल्या तेलाच्या कूलरमधून फिरतं. बाहेर लोंबणारा पाइप एकही नाही. फिल्टर लावला की पंपातून निघालेलं सगळं तेल आधी रबरी पाइपातून बाहेर जाणार, मग परत आत येणार. इंजिन माउंटिंगवर हलत असतं, फिल्टर चासीला पक्का, आणि जोर बसतो तो जोडांवर. एक जोड सुटला तर अडीच लिटर तेल रस्त्यावर यायला किती वेळ लागतो? आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट.

वाळवंटी (ॲरिझोना)

खटारासाहेब, कंपनीचा हिशेब म्हणता, मग कंपनीने पुढे काय केलं तेही सांगा की. १९७२च्या मॉडेलपासून बसमध्ये मोठं टाइप ४ इंजिन आलं, १७०० सीसी. त्याला कारखान्यातूनच फिरवून बसवायचा फिल्टर होता आणि फिल्टर धरून तेल साडेतीन लिटर. मेक्सिकोत बीटल २००३पर्यंत निघत होती. तिच्या शेवटच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत तर तुमच्याच जातीच्या इंजिनाला फिल्टर दिलेला. जाळी पुरेशी होती तर हा खर्च कशाला केला असता?

जाळीचं म्हणाल तर ती पंपाच्या दातांत खडा किंवा पॅकिंगचा तुकडा जाऊ नये म्हणून आहे. बेअरिंग खाणारा कण त्याहून कितीतरी बारीक असतो. चहाच्या गाळणीने पिठीसाखर अडवायला निघालात तुम्ही. इकडे हवेत कायम बारीक वाळू. ती ५००० किलोमीटर तेलातून फिरत राहते आणि मग तुम्ही तेल बदलता. मधल्या काळात क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घासतात त्याचं काय?

टॅपेटवाली (लीड्स)

वाळवंटी, वाळू तेलात येते कुठून ते बघा. बहुतेक कार्ब्युरेटरमधूनच ना? मूळचा, धूळ तेलात बसवणारा एअर फिल्टर काढून लोक चकचकीत जाळीचा डबा लावतात आणि मग ऑइल फिल्टरवर पैसे घालतात. आधी दार लावा, मग केर काढा.

मिस्त्रीबुवा (नाशिक)

या बसेस माझ्या हाताखालून गेलेल्या नाहीत, पण इंजिनं खोलण्यात आयुष्य गेलंय, म्हणून बोलतो. बाकी वाद चालू द्या. पण चालत्या, न खोललेल्या इंजिनाच्या केसला भोक? अहो, भोक पाडायचं ते मुख्य तेलवाहिनीत. तिथे ड्रिल घातलं, टॅप मारला, की कीस जाणार आत. ग्रीस लावून टॅप मारतो, चुंबकाने ओढतो, असं सांगणारे भेटतील. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. चुंबक काय ओढणार, कप्पाळ! आणि तो कीस जाणार कुठे, तर फिल्टरच्या पुढच्या बाजूला, सरळ बेअरिंगमध्ये. म्हणजे फिल्टर लावायच्या नादात जो कचरा कधी नव्हता तो आपल्याच हाताने घालायचा. केसचे दोन भाग वेगळे करा, वाहिन्यांची बुचं काढा, आतून ब्रश फिरवून धुवा, मग पाडा काय भोकं पाडायची ती.

वाळवंटी (ॲरिझोना)

मिस्त्रीबुवा, हे शंभर टक्के मान्य. चालत्या इंजिनात ड्रिल घालणाऱ्याकडून मी हवासुद्धा भरून घेणार नाही. पण भोक न पाडताही रस्ता आहे. पंपाच्या झाकणावरच फिल्टर बसणारा पंप मिळतो. तेल झाकणातून फिल्टरमध्ये आणि तिथूनच परत केसमध्ये. पाइप नाही, कीस नाही. खटारांचा पाइपांचा मुद्दा आणि तुमचा किसाचा, दोन्ही निकालात.

टॅपेटवाली (लीड्स)

तो पंप मी लावून काढलाय. फिल्टर क्रँकच्या पुलीखाली लोंबतो. इंजिनाभोवतीचा टिनचा पत्रा कापावा लागला आणि एक्झॉस्ट इतका जवळ की बोट जेमतेम जाईल. फिल्टर बदलताना तेल हमखास सायलेन्सरवर, मग पहिले दहा मिनिटं सगळा मोहल्ला धुरात. शिवाय पंपाचं शाफ्ट कॅमच्या खाचेत बसतं, आणि १९७१च्या सुमाराला कॅम बदलला. जुन्या-नव्याची गल्लत झाली तर पंप बसतच नाही. मागवण्याआधी कॅमचा गिअर सपाट आहे की खोलगट ते बघा.

पण याचा अर्थ मी खटारांच्या बाजूची आहे असं नाही. माझ्या इंजिनाचं काम निघालं तेव्हा केसला आटे मारून सगळं तेल गाळणारा फिल्टर बसवला. पाइप हायड्रॉलिकचे, टोकं मशीनवर दाबून घेतलेली, क्लिपा आवळलेला एकही जोड नाही. फिल्टर मागच्या चाकाच्या खडीपासून दूर. पाइपाला भितात ते बहुतेक बाजारातल्या स्वस्त किटमधल्या क्लिपा बघून. आणि खरं सांगू? या गाड्या जळतात त्या बहुधा पेट्रोलच्या जुन्या पाइपामुळे. तो वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही आणि ऑइलच्या पाइपावर एवढे धागे निघतात!

खटारा (म्युनिक)

टॅपेटवाली, पेट्रोलचा पाइप बदललेला आहे, ती काळजी नको.

वाळवंटी, टाइप ४ला फिल्टर होता कारण ते इंजिन मुळातून तसंच आखलेलं. त्यातला प्रेशर व्हॉल्व्ह, फिल्टरची जागा, वाटा, सगळं एकमेकांना धरून. माझ्या इंजिनात रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा) केसमध्ये आहे. झाकणातून तेल बाहेर काढलं की फिल्टर त्या व्हॉल्व्हच्या आधी येतो. म्युनिकच्या थंडीत पहाटे तेल काकवीसारखं असताना गाडी चालू केली, तर पंपाचा सगळा जोर आधी फिल्टरच्या डब्यावर. वर लोक सोबत मोठा पंपही लावतात. डबा फुगून रबर सुटल्याच्या कहाण्या उगीच नाहीत. तुमच्या ॲरिझोनात हा प्रश्नच येत नाही.

आणि जाळीची चेष्टा करू नका. ती काढायला सहा छोटे नट, १० नंबरचा पाना. झाकण उतरवलं की तळाशी काय साचलंय ते डोळ्यांना दिसतं. करडी पेस्ट असेल तर बेअरिंग, चमकणारे तुकडे असतील तर काहीतरी मोठं. फिल्टरच्या बंद डब्यात हे कुणाला दिसतं? बाकी ते नट जोर लावून आवळू नका, स्टडचे आटे गेले की केसचं काम निघतं.

वाळवंटी (ॲरिझोना)

डबा कापून आतला कागद पसरून बघायचा, त्यासाठी कटर मिळतो. जाळीत जे कधीच अडकणार नाही ते त्या घड्यांत दिसतं. थंडीचं म्हणाल तर रिलीफ व्हॉल्व्ह असलेलं पंपाचं झाकण मिळतं, आणि फिल्टरमध्ये स्वतःचा बायपास (तेलाला वळसा घालून जायची वाट) असतोच. पातळ मल्टिग्रेड तेल घाला, मोठा पंप लावू नका. प्रश्न सुटतो.

मिस्त्रीबुवा (नाशिक)

बायपास उघडला म्हणजे तेल न गाळताच पुढे गेलं, एवढं ध्यानात ठेवा. आणि खटारासाहेब, फिल्टर लावा न लावा, तेलाच्या दिव्याला जोडून एक बझर बसवा. दाब जवळजवळ संपल्यावर तो दिवा लागतो, भर उन्हात दिसतही नाही. त्या इंजिनाच्या आवाजात बझरही मोठाच लागेल.

खटारा (म्युनिक)

बझर कबूल. फिल्टरचं इंजिन खोलेन तेव्हा, टॅपेटवालींच्या पद्धतीने, आणि तेव्हाही दर ५००० लाच तेल बदलेन. इटलीला जाळीवरच जातोय. निघायच्या आदल्या आठवड्यात तेल नवं.

वाळवंटी (ॲरिझोना)

म्हणजे खोलायची वेळ लवकर यावी अशी व्यवस्था करून मग फिल्टर लावणार. जा, पण परत आल्यावर क्रँकची एंड-प्ले (दांडा पुढे-मागे किती सरकतो ते) मोजून इथे टाका. ०.१५ मिमीच्या आत असेल तर मी गप्प बसतो.