मदत हवी आहे : जीवाश्म की नुसती खडकाची घडी, कसं ओळखायचं?
भूशास्त्र जाणणाऱ्यांपैकी कुणी समजावून सांगेल का? २०१६ मध्ये ॲलन नटमन यांच्या गटाने ग्रीनलंडमधल्या इसुआच्या ३७० कोटी वर्षं जुन्या खडकात स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांच्या वाढीतून थरावर थर साचून बनलेली रचना) सापडल्याचं मांडलं. जेमतेम १ ते ४ सेंटिमीटर उंचीचे शंकू. २०१८ मध्ये ॲबिगेल ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी तेच उंचवटे सगळ्या बाजूंनी पाहिले, तर ते शंकू नसून लांबट वरंबे निघाले, आत थरही नाहीत. म्हणजे ते जीवाश्म नसून खडक दबून पडलेल्या घड्या असाव्यात, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

मग ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराचे, ३४८ कोटी वर्षं जुने स्ट्रोमॅटोलाइट जास्त भरवशाचे का? तिथले खडक कमी तापले-दबले, एवढं कळलं. पण निर्णायक काय धरायचं : थरांच्या सुरकुत्या की पायराइटमध्ये (लोह-गंधकाच्या खनिजात) अडकलेलं सेंद्रिय द्रव्य? नुसत्या आकारावर विसंबणं कितपत योग्य?