तातडीची मदत: कॅरिबियन क्रूझ, आईला फार चालवत नाही

निवडुंग_डॅलस:
आई-बाबा पुण्याहून आलेत. सात रात्रींची क्रूझ बुक केलीय. आईला फार चालवत नाही, तर पोर्टवर काय करता येईल? साइटवर ढीगभर एक्सकर्शन्स दिसतात आणि सगळ्यांच्या फोटोत तेच स्नॉर्कल घातलेलं हसरं जोडपं. परवापर्यंत बुक केलं तर सवलत आहे. अनुभव असलेल्यांनीच लिहा. गूगल करून झालंय.

चिंचगूळ:
कुठली पोर्टं?

निवडुंग_डॅलस:
कॅरिबियन लिहिलंय की वर.

चिंचगूळ:
अहो, कॅरिबियन म्हणजे काय सारसबाग आहे का, एका फाटकातून आत गेलं की झालं? अरुबाला बंदराबाहेरच फुकटची ट्राम मिळते. सेंट थॉमसला टॅक्सी म्हणजे बाकं टाकलेला उघडा ट्रक, चढताना पाय पार वर घ्यावा लागतो. नासाऊचं आणखी वेगळं.

टळटळीत:
नासाऊ कॅरिबियन समुद्रात नाही, अटलांटिकात आहे.

चिंचगूळ:
धन्यवाद. काकूंचे गुडघे आता बरे झाले असतील.

निवडुंग_डॅलस:
टेक्ससच्या गॅल्व्हस्टनहून निघून कोझुमेल (मेक्सिको), ग्रँड केमन, फॅलमथ (जमैका). आता सांगा.

हिरवी_वेलची:
भारतीय पासपोर्ट असेल तर आधी आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. मेक्सिकोला तो चालतो. पण जहाज परत गॅल्व्हस्टनला लागलं की तुम्ही अमेरिकेत नव्याने शिरताय.

निवडुंग_डॅलस:
व्हिसा आहे. प्रश्न चालण्याचा आहे.

जुनी_खलाशीण:
ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, जॉर्ज टाउनला जायचं. हे कुणी सांगितलं का तुम्हाला? माझ्या सासूबाईंच्या वेळी बोट हातभर वर, हातभर खाली होत होती. दोन खलाशी दोन्ही दंड धरून उभे. ते "नाऊ" म्हणतील त्या क्षणी पाऊल टाकायचं. सासूबाईंना ते "नाऊ" कळेना, त्या "नाही" म्हणाल्यासारखं ऐकून थांबायच्या. तिसऱ्या खेपेला जमलं. समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअरवाल्यांना टेंडरवर घेतही नाहीत. आईंना पायऱ्या किती चढवतात? काठी आहे की वॉकर?

टळटळीत:
केमनमध्ये २०२५ साली धक्क्यासाठी सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. प्रवाळ, गर्दी वगैरे मुद्दे होते. धक्का झालाच पाहिजे असं थोडंच आहे.

पाणकोंबडा:
केमनला जाऊन स्टिंगरे सिटी, म्हणजे चपट्या स्टिंगरे माशांमध्ये पाण्यात उतरणं, न करणं म्हणजे आग्र्याला जाऊन ताज न बघणं. पाणी कमरेएवढंच असतं. मासे मांजरीसारखे पायाला घासून जातात. माझा सत्तरीचा काका उतरला होता.

जुनी_खलाशीण:
बोटीतून पाण्यात उतरायला शिडी, परत चढायलाही तीच शिडी. ओल्या अंगाने, हलत्या बोटीवर. काकांचे गुडघे कसे होते?

पाणकोंबडा:
काका रोज पर्वती चढायचे.

जुनी_खलाशीण:
मग झालं तर.

निवडुंग_डॅलस:
काठी. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरं दिवाळीनंतर. कठडा असेल तर पाच-सहा पायऱ्या. सपाटीवर दहा मिनिटं, मग बसावं लागतं. हे आधी लिहायला हवं होतं का?

चिंचगूळ:
😐

गोधडी:
आम्ही आजोबांना नेलं तेव्हा एकाही पोर्टवर उतरलो नाही. सगळे बाहेर गेले की जहाज आपलंच. बुफेला रांग नाही, डेकवरची सावलीतली खुर्ची नक्की मिळते. आजोबा रोज दोनदा आइस्क्रीम खायचे. बाहेर तरी काय, दुकानंच.

खडूस_ह्यूस्टन:
एवढा खर्च करून आइस्क्रीमच खायचं तर डॅलसला काय कमी आहे? निवडुंग, नीट वाचा. कोझुमेल बेट सपाट आहे. जहाज कोणत्या धक्क्याला लागणार ते विचारा, धक्के तीन आहेत. पुंता लांगोस्ता असेल तर तो गावातच आहे. बाकीच्या दोघांवरून टॅक्सी. चांकानाब बागेत जा: फरसबंद वाटा, सावली, समुद्राकाठी खुर्च्या. तुलुमच्या माया संस्कृतीच्या अवशेषांचं नावही काढू नका. आधी फेरीने प्लाया देल कार्मेन, ती हलते, पुढे तासभर बस, आणि मग भर उन्हात खडबडीत वाटेवरून चालायचं. तुम्ही जाल, आई बसमध्ये बसतील.

निवडुंग_डॅलस:
तुलुम कार्टमध्ये होतं. काढलं.

हिरवी_वेलची:
केमनला "हेल" नावाचं ठिकाण आहे, काळ्या चुनखडीचे सुळके. कठड्यापाशी उभं राहून बघायचं, आत शिरायचं नसतंच. आम्ही २०१७ मध्ये तिथून सासऱ्यांना नरकाचा शिक्का मारलेलं पत्र टाकलं. ते अजून बोलत नाहीत.

जुनी_खलाशीण:
पण त्यासाठी टेंडर आलाच. केमनचं आगाऊ काही बुक करू नका. तिथल्या बोटी मोठ्या असतात, हे खरं. सकाळी समुद्र बघा, आई हो म्हणाल्या तर उतरून टॅक्सी घ्या. नाहीतर त्या एका दिवशी गोधडींचं आइस्क्रीम.

चिंचगूळ:
फॅलमथचं कुणी बोलेना. तिथे जहाज धक्क्यालाच लागतं. जवळच मार्था ब्रे नदी आहे, तिच्यावर बांबूचे तराफे असतात, तीसेक फूट लांब. एका तराफ्यावर दोघांचं बाकडं. मागे कुणी बसत नाही, तराफेवाला पुढे उभा राहून बांबूने ढकलतो. तासाभराच्या वर नुसतं बसून राहायचं. वरून झाडी, खाली हिरवं पाणी. काठावरून तराफ्यावर पाऊल टाकताना मात्र तो डुलतो. तराफेवाल्याला आधीच सांगायचं, तो हात देतो. आई आणि बाबा एका तराफ्यावर, तुम्ही दुसऱ्यावर. फोटो छान येतात.

पाणकोंबडा:
तराफा बुडाला तर?

चिंचगूळ:
तुमचे काका काढतील.

खडूस_ह्यूस्टन:
एक राहिलंच. धक्के लांबलचक असतात. दहा मिनिटांचं चालणं जहाजापासून फाटकापर्यंतच संपतं. जहाजावरची व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरती मिळते, ती घेऊन गावात जाता येत नाही. बाहेरच्या कंपनीकडून भाड्याची आणा, गॅल्व्हस्टनला थेट तुमच्या केबिनमध्ये ठेवतात.

निवडुंग_डॅलस:
तिथेच घोडं अडलंय. आई व्हीलचेअर म्हटलं की उठून आत जाते. "मी काय आजारी आहे का?"

गोधडी:
आमचे आजोबाही तसेच. आम्ही सांगितलं, खुर्ची सामानासाठी आहे. पहिल्या दिवशी तिच्यावर पिशव्या ठेवल्या आणि आजोबा ती ढकलत चालले. तिसऱ्या दिवशी पिशव्या आमच्या हातात आणि आजोबा खुर्चीत. कुणी काही बोललं नाही.

निवडुंग_डॅलस:
हे जमेल. तराफा बुक केला, दोन. बाबांनी स्वतःच्या तराफ्यावर तंबाखू चालेल का विचारलंय, ते सोडा. चांकानाबचं तिथे जाऊन बघू. केमन सकाळी ठरवू.

जुनी_खलाशीण:
काठीचं खालचं रबर बघून घ्या. धक्क्यावर उतरायचा उतार ओला असतो, झिजलेलं असेल तर सटकतं.

निवडुंग_डॅलस:
आत्ता बघितलं. एका बाजूने धातू दिसतोय.