विषय: नव्याने जाहीर झालेला लॅपटॉप – आगाऊ नोंदणी करावी की परीक्षणांची वाट पाहावी?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या ईमेल यादीवर हा विषय काहींना अस्थानी वाटेल, परंतु आपल्यात संगणक क्षेत्रातील मंडळी बरीच आहेत म्हणून धाडस करते. माझा लॅपटॉप विंडोज १० वर चालतो. त्याचा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नुकताच एका कंपनीने आर्म (इंटेल, एएमडीहून वेगळ्या रचनेच्या) प्रोसेसरचा, वजनाला अगदी हलका असा लॅपटॉप जाहीर केला आहे. बॅटरी २२ तास चालेल असे जाहिरातीत म्हटले आहे. विक्री अद्याप सुरू झालेली नाही, मात्र आगाऊ नोंदणी करणाऱ्यास त्याच किमतीत दुप्पट स्टोरेज मिळणार आहे, आणि या नोंदणीची मुदत परीक्षणे प्रसिद्ध होण्याआधीच संपते.

माझे काम फार अवजड नाही. मंडळाचे हिशेब, पत्रव्यवहार, आणि आपल्या जुन्या वार्षिक अंकांची पाने स्कॅन करून नीट लावून ठेवणे एवढेच. स्कॅनर जुना असला तरी उत्तम चालतो. यूट्यूबवर या लॅपटॉपचे बरेच व्हिडिओ दिसतात आणि सगळेच त्याची तोंडभरून स्तुती करतात. त्यांवर विसंबून नोंदणी करावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
हिशेब समितीची सदस्या

---

ताई, सप्रेम नमस्कार.

माझा सल्ला आधीच सांगतो : नोंदणी करू नये. कारणे जरा विस्ताराने लिहितो, कारण हाच प्रश्न आणखीही काही सभासदांनी मला वैयक्तिक पत्रांतून विचारला आहे.

आपण पाहिलेले व्हिडिओ ही परीक्षणे नव्हेत. घोषणेच्या कार्यक्रमात कंपनीच्या टेबलावर मांडून ठेवलेले यंत्र काही मिनिटे हाताळून ते केलेले असतात. तेवढ्या वेळात झाकण किती सफाईने उघडते आणि कळफलक बोटांना कसा लागतो हे कळते. बॅटरी, उष्णता आणि पंख्याचा आवाज यांबद्दल मात्र काहीही कळू शकत नाही. खरी परीक्षणे त्यानंतर येतात. कंपनी निवडक परीक्षकांना यंत्र आधी पाठवते आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेपूर्वी काही प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट घालते. म्हणूनच एका सकाळी अचानक वीस-पंचवीस परीक्षणे एकदम अवतरतात. यात अप्रामाणिकपणा असतोच असे मी म्हणणार नाही. पण परीक्षकाच्या हाती थोडेच दिवस असतात, आणि त्याच्याकडे कोणते यंत्र पाठवायचे हे कंपनी ठरवते.

माझ्या दृष्टीने खरी मेख याच शेवटच्या मुद्द्यात आहे. ज्या यंत्राचे परीक्षण झाले ते आणि आपण विकत घेणार ते, ही दोन यंत्रे एकच आहेत का, हे आधी पाहावे. २०२२ मध्ये ॲपलचा एम२ चिपचा मॅकबुक एअर लॅपटॉप आला तेव्हा परीक्षकांना मिळालेल्या यंत्रांत बहुतेक ठिकाणी मोठे स्टोरेज होते. सर्वांत स्वस्त, २५६ जीबीच्या यंत्रात दोन स्टोरेज चिपांऐवजी एकच चिप बसवली होती आणि त्यामुळे डिस्कचा वेग जवळपास निम्म्यावर आला होता. पहिल्या दिवशीच्या परीक्षणांतील वेगाचे आकडे खरेच होते, फक्त ते वेगळ्या यंत्राचे होते. ज्यांनी स्वस्त यंत्र स्वतः मिळवून तपासले त्यांनी ही बाब उजेडात आणली, आणि पुढे २०२४ च्या एम३ एअरमध्ये २५६ जीबीलाही पुन्हा दोन चिपा आल्या. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये पडदा ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) आहे की साधा आयपीएस (मागून दिव्याने उजळणारा), मेमरी किती, प्रोसेसरला किती वॅटपर्यंत वीज घेऊ दिली आहे, हे सगळे बदलू शकते. गेमिंग लॅपटॉपांत तर हा घोळ फारच मोठा आहे : एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही ग्राफिक्स चिप लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवलेली असू शकते, आणि खोक्यावर नाव मात्र तेच असते.

उष्णतेबद्दल एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. जुलै २०१८ मध्ये ॲपलने इंटेलच्या कोअर आय९ प्रोसेसरचा मॅकबुक प्रो लॅपटॉप आणला. काही दिवसांतच एका यूट्यूब परीक्षकाने दाखवून दिले की एका व्हिडिओचे काम या यंत्राला आदल्या वर्षीच्या आय७ यंत्रापेक्षाही जास्त वेळ घेते, कारण तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग फार खाली आणतो. त्याने लॅपटॉप चक्क फ्रीझरमध्ये ठेवून तेच काम पुन्हा केले, आणि ते बऱ्याच लवकर आटोपले! २४ जुलै रोजी ॲपलने फर्मवेअरमधील (यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममधील) त्रुटी मान्य करून दुरुस्तीचे अद्यतन दिले. वेगाचा जाहीर झालेला आकडा हा प्रोसेसरच्या पहिल्या काही सेकंदांचा असतो. अर्ध्या तासाने काय उरते, हे कोणी तरी अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय समजत नाही.

मग विश्वासार्ह परीक्षण कोणते? कधीच न चुकणारे, असे मी म्हणत नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था कंपनीकडून यंत्रे न घेता बाजारातून विकत घेते. तिने डिसेंबर २०१६ मध्ये नव्या मॅकबुक प्रोची शिफारस नाकारली, कारण बॅटरीचे निकाल भलतेच विसंगत येत होते. एकाच यंत्राने एका चाचणीत साडेएकोणीस तास काढले, तर पुढच्या चाचणीत साडेचार. संस्थेने आपली चाचणी कशी घेतली होती ते ॲपलला कळवले, तेव्हा असे आढळले की चाचणीसाठी सफारी ब्राउझरची एक सेटिंग बदललेली होती आणि त्या सेटिंगमुळे सफारीतील एक दोष जागा होत होता. दुरुस्तीनंतर जानेवारी २०१७ मध्ये संस्थेने पुन्हा चाचणी घेतली आणि शिफारस दिली. निकाल बदलला तरी माझा त्या संस्थेवरचा विश्वास उलट वाढला, कारण पद्धत उघड होती म्हणूनच कारण शोधता आले. ज्या परीक्षणात पडद्याचा प्रकाश किती ठेवला, काय चालवले, खोलीचे तापमान किती होते, यंत्र कंपनीने दिले की विकत घेतले, यांतले काहीच लिहिलेले नसते, ते कितीही सुरेख चित्रित केलेले असो, माझ्या लेखी केवळ एक मत असते.

आता आपल्या २२ तासांकडे वळू. जाहिरातीच्या तळटिपेत बारीक अक्षरांत बहुधा असे लिहिलेले असेल की हा आकडा लॅपटॉपमध्येच साठवलेला व्हिडिओ मंद प्रकाशात, बहुतेकदा १५० निटवर, सलग चालवून मिळालेला आहे. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा विभाग असतो, त्यामुळे मुख्य प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ झोपलेला असतो. बॅटरीची क्षमता ६० वॅट-तास धरली, तर २२ तासांसाठी पडद्यासह संपूर्ण यंत्राने सरासरी २.७ वॅटवर भागवायला हवे. ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने उघडी, हिशेबाची फाइल, मध्येच एखादा व्हिडिओ कॉल आणि दिवसाउजेडी वाचता येईल इतका प्रकाश, असा सरासरी खर्च ६ वॅट धरला, तर तीच बॅटरी १० तासांत संपते. परीक्षण वाचताना म्हणूनच तासांबरोबर वॅट-तासही पाहावेत. दोन लॅपटॉपांची तुलना मग घरबसल्या करता येते. (मोठ्या लॅपटॉपांची बॅटरी ९९ वॅट-तासांच्या आसपासच का थांबते, असे कोणी मागे विचारले होते. विमानात सोबत नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तास आहे, हे त्याचे उत्तर.)

आपल्या बाबतीत मात्र सर्वांत मोठी अडचण कोणत्याही परीक्षणात सापडणार नाही, आणि ती म्हणजे तो स्कॅनर. इंटेल किंवा एएमडीसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम आर्मवरील विंडोज ११ भाषांतर करून चालवते, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम बहुधा तसा चालूनही जाईल. पण विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचे, म्हणजे स्कॅनरसारख्या उपकरणाशी संगणकाचा संवाद घडवणाऱ्या प्रोग्रॅमचे, असे भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच तयार केलेला लागतो. जुन्या स्कॅनरसाठी उत्पादकाने तसा ड्रायव्हर काढला नसेल, तर लॅपटॉप कितीही चांगला असला तरी वार्षिक अंकांचे काम अडेल. ही चौकशी आजच करता येईल आणि तिला परीक्षणाची गरज नाही.

घाई किती आहे, हेही पाहावे. विंडोज १० साठी वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळण्याची विस्तारित योजना आहे. तिच्यात नाव नोंदवलेले नसल्यास ते आधी नोंदवावे.

आपला,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील एक सभासद

---

सर्वांस नमस्कार,

वरील पत्र अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यातला सूर मला पूर्णपणे पटलेला नाही. सगळी परीक्षणे येऊन, अद्यतने येऊन, सहा महिन्यांच्या वापराचे अहवाल येऊन निर्णय घ्यायचा म्हटले, तर तोवर पुढचे मॉडेल जाहीर होते आणि आपण पुन्हा मूळपदावर येतो. आमच्या घरातील एक व्यक्ती कित्येक वर्षे ‘योग्य वेळे’ची वाट पाहत आहे आणि दरम्यान तिच्या लॅपटॉपची बिजागरी दोऱ्याने बांधलेली आहे. शिवाय ज्यांना आपण स्वतंत्र परीक्षणे म्हणतो, त्यांच्याखालीही ‘येथे विकत घ्या’ अशी दुव्यांची रांग असते आणि त्या दुव्यावरून झालेल्या खरेदीचे कमिशन परीक्षकाला मिळते. ‘घेऊ नका’ असे लिहिणाऱ्याचे पोट कसे भरणार?

माझी रीत सोपी आहे. परतीची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावे आणि आपले परीक्षण आपणच करावे. यंत्र हाती आले की जुन्या यंत्राला हात न लावता आपले रोजचे सगळे काम नव्यावर करून पाहावे. अंधाऱ्या खोलीत काळा पडदा उघडून कडांतून उजेड झिरपतो का ते पाहावे, भलीमोठी फाइल कॉपी करत असताना व्हिडिओ कॉल लावून समोरच्याला पंखा ऐकू येतो का ते विचारावे, आणि रात्री झाकण मिटून ठेवल्यावर सकाळपर्यंत बॅटरी किती उतरली त्याची नोंद करावी. हा शेवटचा दोष आजच्या लॅपटॉपांत फार आढळतो आणि त्याकडे क्वचितच कोणी परीक्षक लक्ष देतो. न पटल्यास निमूटपणे परत करावे.

आपला,
कार्यकारिणीतील एक माजी सदस्य

---

काका, नमस्कार.

रात्रभराच्या बॅटरीची आपली सूचना मी माझ्या यादीत लगेच लिहून घेतली आहे. कमिशनचे म्हणणेही रास्त आहे. म्हणूनच मी परीक्षकाने काय नापसंत केले ते आधी वाचतो, आणि ज्याला आजवर काहीच नापसंत पडलेले नाही त्याचे पुढे वाचत नाही.

परतीबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. आगाऊ नोंदणीच्या यंत्राला परतीची मुदत लागू आहे का, ती पैसे भरल्यापासून मोजतात की यंत्र हाती आल्यापासून, आणि खोके उघडल्यावर काही रक्कम कापतात का, हे तीनही प्रश्न लेखी विचारावेत. शिवाय काही दोष परतीच्या मुदतीत दिसतच नाहीत. ॲपलचा बटरफ्लाय नावाचा, अगदी पातळ कळांचा कळफलक २०१५ मध्ये आला. धूळ आत जाऊन कळा अडकण्याची तक्रार लोकांच्या वापरातून हळूहळू वाढत गेली, कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जून २०१८ मध्ये जाहीर केली, आणि नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून जुन्या पद्धतीच्या कळा परत आणल्या. अशा दोषापुढे पहिल्या दिवसाचा परीक्षक आणि घरचे परीक्षण, दोन्ही सारखेच हतबल असतात.

वाट पाहण्याला अंत हवा, हे मात्र मान्य. त्यासाठी मी लोकांना आदल्या वर्षीचे मॉडेल सुचवतो. त्याची परीक्षणे झालेली असतात, फर्मवेअर सुधारलेले असते, आणि कळफलक व बिजागरीबद्दल वर्षभर वापरलेल्या लोकांच्या तक्रारी वाचायला मिळतात. नवे मॉडेल जाहीर झाल्यावर जुन्याची किंमत उतरण्याचीही बरीच शक्यता असते. ताईंच्या कामासाठी या दोन पिढ्यांतला फरक जाणवण्यासारखा नसेल.

आपला,
देखभालवाला

---

सर्वांस सप्रेम नमस्कार,

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. स्कॅनरच्या उत्पादकाला विचारले असता, या मॉडेलसाठी आर्मचा ड्रायव्हर नाही आणि तो काढण्याचा विचारही नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. त्यामुळे आगाऊ नोंदणीचा प्रश्न आपोआप मिटला. विंडोज १० च्या विस्तारित योजनेत नावही नोंदवले आहे.

आता इंटेल प्रोसेसरचा, गेल्या वर्षी बाजारात आलेला एक लॅपटॉप विचाराधीन आहे. त्याची दोन सविस्तर परीक्षणे वाचली. एक यंत्र कंपनीने दिलेले होते आणि दुसरे विकत घेतलेले, आणि पद्धत दोन्हींत व्यवस्थित लिहिलेली आहे. पंचाईत एवढीच की दोन्ही यंत्रे ओलेड पडद्याची आणि ३२ जीबी मेमरीची आहेत, तर मी घेणार ते आयपीएस पडद्याचे आणि १६ जीबीचे. मेमरी मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असल्याने नंतर वाढवता येणार नाही, हे मला माहीत आहे आणि १६ जीबी मला पुरेल. पडद्याविषयी मात्र नेमके कुठेच लिहिलेले सापडत नाही. आयपीएस पडद्याचा लॅपटॉप वापरणाऱ्या सभासदांनी स्कॅन केलेली पिवळसर पाने त्यावर कशी दिसतात आणि खिडकीजवळ बसून वाचता येते का, हे कळवल्यास उपकार होतील. नेमके मॉडेल मी वैयक्तिक पत्राने कळवीन. काकांनी सांगितलेली झाकण मिटून ठेवण्याची चाचणीही कोणी करून पाहिली असेल, तर तो आकडा अवश्य लिहावा.

आपली नम्र,
हिशेब समितीची सदस्या