कणकुंबीकडचं वडिलोपार्जित घर होमस्टेला काढावं का?

चिरेबंदी: आमचं घर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर. चिऱ्याच्या भिंती, खानापुरी कौलं. राहतात फक्त काका-काकू, बाकीचे बेळगाव-पुण्याला. मे महिन्यात पावसाआधीच्या शाकारणीचे (कौलं नीट लावून घ्यायचे) पैसे मागितले की सगळ्यांच्या फोनची रेंज जाते. माझं मत, दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात. चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्या गाड्या दारावरनंच जातात. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्या चालतात, मात्र मालकाचं कुटुंब तिथंच राहायला हवं.

गुंजीची सून: कुटुंब म्हणजे काकूच की ओ! पहाटे आंबोळ्या कोण घालणार? आणि तिकडच्या पावसात चादरी वाळतात कुठं? तुम्ही पुण्यात बसून बुकिंग घेणार.

चिरेबंदी: काकूच मागे लागल्यात. धुण्या-भांड्याला गावातली बाई पगारावर ठेवू.

वाटणी बघितलेला: घराच्या उताऱ्यावर मालक म्हणून नावं किती? कर्नाटकानं १९९४ सालीच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, २००५ पासून तो देशभर सगळ्याच मुलींना. बहिणींच्या सह्या आधी घ्या. घर गळत असतं तोवर हिस्सा कुणाला आठवत नाही, पैसा दिसला की सगळ्यांना आठवतो.

तळेवाडीकडचा: माझा विरोध वेगळा. २०११ ला आमच्याकडचं जंगल भीमगड अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांत दुर्मिळ वटवाघळं आहेत, म्हणून आता हौशी लोक येऊलालेत. धबधब्यावर बाटल्या फोडतात, रात्री गाणी लावतात. तुमच्या दोन खोल्यांचं बघून उद्या शेजारी दहा काढेल.

चिरेबंदी: मग जंगल राखून चार पैसे मिळवायची वाट तरी सांगा. पोरं गाव सोडतात ती यापायीच ना? रात्री स्पीकर लावला तर खोली मिळणार नाही, हे बुकिंगलाच सांगू.

माहेरवाशीण: गणेश चवथीला आम्ही माहेरी आलो की कुठं झोपायचं ते बोला. पाहुणा पैसे देऊन माजघरात, आणि आम्ही पडवीत?

चिरेबंदी: चवथीला आणि शिमग्याला बुकिंग बंद.

गुंजीची सून: हे सगळं ठीक. पण पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? राबणार काकू, तर खातं काकूच्या नावावर काढा. त्याला भाऊबंद तयार आहेत का, तेवढं विचारून या.