विषय: शाळेनंतरचा नाश्ता आणि दारावरची पाटी

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर आपण नाश्त्याला गेलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या कमरेला पिस्तूल होतं. ते बिचारे शांतपणे पॅनकेक खात होते. पण माझ्या सात वर्षांच्या मुलाचे डोळे नेमके त्याच उंचीवर. "आई, ते पोलीस आहेत का?" नाहीत म्हटल्यावर त्याने पुढचा घास घेतला नाही.

कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही, हे मला ठाऊक आहे. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघड लावता येतं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. पण "इथे नको" म्हणायचा हक्क हॉटेलमालकालाही आहे. मुलांना नेण्याची जागा आपण यापुढे तशी पाटी बघूनच ठरवावी, ही माझी कळकळीची विनंती.

– बालवर्गाची ताई, फ्रिस्को

---

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. १९९१ मध्ये मी इथे नवीन होतो. त्या ऑक्टोबरात टेक्ससमधल्याच किलीन गावच्या लुबीज कॅफेटेरियात भर दुपारी २३ माणसं मारली गेली. सुझाना हप यांचे आईवडील त्यांत गेले, आणि सुझाना यांचं स्वतःचं पिस्तूल कायद्यापायी बाहेर गाडीत. पुढे त्या या प्रश्नावर लढल्या. १९९५ मध्ये परवाना काढून पिस्तूल लपवून बाळगायची मुभा देणारा कायदा झाला. त्यामुळे पिस्तूल बाळगणाऱ्या शेजाऱ्याला मी माथेफिरू म्हणणार नाही.

पण शस्त्र जवळ असणं निराळं आणि ते चारचौघांत मिरवणं निराळं. २०१४ मध्ये डॅलसकडे काहीजण रायफली घेऊन चिपोटले या साखळी हॉटेलात गेले, तेव्हा बंदुका आणू नका, असं कंपनीला गिऱ्हाइकांना सांगावं लागलं. व्हॉटाबर्गर ही बर्गरची साखळी तर अस्सल टेक्ससची. तिनेही २०१५ मध्ये उघड पिस्तुलाला नकार दिला.

आता कामाचं. पाटीवर कायद्यातलेच शब्द हवेत, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच. परवानाधारकाच्या उघड पिस्तुलाला मनाई करायला टेक्ससच्या दंडसंहितेचं कलम ३०.०७, लपवलेल्याला ३०.०६. बिनपरवान्याचा येतो ३०.०५ मध्ये, म्हणून नुसती ३०.०७ पाहून परत येऊ नकोस. पाटी असूनही कुणी पिस्तूल घेऊन आलंच, तर आपण त्याच्याशी बोलायला जायचं नाही. मॅनेजरला सांगायचं, खाणं बांधून घ्यायचं, निघायचं.

– प्लेनोचे काका

---

काका,

३०.०५ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज तीन ठिकाणी फोन केले. दोघांना पाटीचं काही सांगता येईना. तिसऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, तिन्ही पाट्या दारावरच आहेत, येऊन बघा. शनिवारी दहाला जाते आहे. मुलाला घेऊन जाईन. तिथे बसायचं की नाही, हे त्यालाही विचारायचं आहे.

– ताई