इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन सारखेच वागतात हे तपासतात कसं? आणि २०२१ च्या त्या बातमीचं पुढे काय झालं?

तिरपा कोन

मार्च २०२१ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाची बातमी गाजली होती. बी मेसॉन (बी क्वार्क असलेला जड कण) मोडताना केऑन नावाच्या हलक्या कणासोबत म्यूऑनची जोडी कमी वेळा आणि इलेक्ट्रॉनची जोडी जास्त वेळा देतो, स्टँडर्ड मॉडेलला, म्हणजे कणांच्या मान्य सिद्धांताला तडा, वगैरे. तेव्हा हाताला लागेल ते वाचून काढलं होतं. मग विषय हळूच गायब झाला, आणि परवा ओझरतं वाचलं की ती तफावत आता उरलेलीच नाही.

नक्की काय झालं? जे/साय कणावर उलटतपासणी केली होती म्हणे. ती पार पडूनही निकाल कसा फिरला?

दुसरी शंका बाळबोध आहे. इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ यांच्यात वस्तुमान सोडून फरक नाही असं म्हणतात. मग पायॉन हा हलका कण मोडतो तेव्हा जवळजवळ दर वेळी म्यूऑनच का निघतो? इलेक्ट्रॉन हलका, त्याला तर वाट जास्त मोकळी. समता इथेच मोडली की!

(इंजिनियर आहे. टेन्सर दाखवून घाबरवू नये.)

निव्वळ वाचक

बातमी पहिल्या पानावर, दुरुस्ती पान आठवर. तुम्हाला दुरुस्ती सापडली हेच नशीब. वाचतोय.

उरलेली ऊर्जा

माझी पीएचडी बी मेसॉनवर, त्यातही इलेक्ट्रॉनच्या बाजूला. म्यूऑनवर काम करणारे संध्याकाळी वेळेत घरी जायचे, एवढं सांगितलं तरी पुरे.

आधी पायॉन, कारण शंका बाळबोध अजिबात नाही. 'सारखे वागतात' म्हणजे डब्ल्यू बोसॉन (असे क्षय घडवणारा कण) तिघांनाही सारख्याच ताकदीने पकडतो. क्षयाचं प्रमाण सारखं येईलच असा त्याचा अर्थ नाही. पायॉनची फिरकी (स्पिन) शून्य. त्यातून लेप्टॉन (इथे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन) आणि न्यूट्रिनो विरुद्ध दिशांना सुटतात आणि दोघांच्या फिरक्यांची बेरीज शून्यच राहावी लागते. न्यूट्रिनो एकाच हाताचा, म्हणजे त्याच्या फिरकीची दिशा ठरलेली, तडजोड न करणारा. त्यामुळे लेप्टॉनला स्वतःला नकोशी असलेली फिरकी घ्यावी लागते, आणि ते त्याला वस्तुमान असल्यामुळेच जमतं. जितका हलका, तितकं अवघड. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड आहे. त्याचा वर्ग करा, इलेक्ट्रॉनची वाट सुमारे ४२,७५० पटींनी अरुंद होते. तुम्ही म्हणता ती मोकळी वाट खरीच आहे, पण ती भरून देते फक्त साडेपाच पट. हिशोब १०,००० म्यूऑनमागे १.२८ इलेक्ट्रॉन असा येतो. फोटॉनच्या दुरुस्त्या घातल्या की १.२३५. कॅनडात ट्रायम्फला पायन्यू प्रयोगाने मोजलं ते १.२३४. म्हणजे समता मोडल्याचं उदाहरण म्हणून तुम्ही जे दिलंत, ती समतेच्या सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी एक आहे.

आता बी मेसॉन. बी जड आहे, त्याच्यापुढे इलेक्ट्रॉन काय आणि म्यूऑन काय, दोघेही पिसासारखे. म्हणून तिथे म्यूऑन भागिले इलेक्ट्रॉन हे गुणोत्तर थेट १ यायला हवं, टक्काभर इकडेतिकडे. एलएचसीबीला २०१४ मध्ये ०.७४५ मिळालं, २०२१ मध्ये जास्त डेटा घेऊन ०.८४६. तफावत ३.१ सिग्मा (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेचं एकक).

गोम अशी की निसर्ग दोघांना सारखं वागवत असेल, डिटेक्टर वागवत नाही. म्यूऑन लोखंडाच्या भिंती भेदून शेवटच्या कक्षांपर्यंत पोचतो, तिथे सहसा दुसरं कोणी पोचत नाही, ओळख पटली. इलेक्ट्रॉन मात्र वाटेतल्या प्रत्येक पत्र्यात फोटॉन उधळत जातो. चुंबकाच्या आधी उधळलेला फोटॉन शोधून परत त्याच्या खात्यात जमा करावा लागतो. काही सापडतात, काही नाही, कधी भलत्याचाच जमा होतो. परिणामी बीच्या वस्तुमानाचं टोक म्यूऑनमध्ये टोकदार दिसतं आणि इलेक्ट्रॉनमध्ये पसरट ढिगारा. त्यात भर म्हणजे ट्रिगर, कोणत्या घटना साठवायच्या ते ठरवणारी यंत्रणा. इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेचा उंबरठा वर ठेवावा लागतो, त्यामुळे घटनाही कमी हाती लागतात.

म्हणून थेट गुणोत्तर न घेता गुणोत्तराचं गुणोत्तर घेतात. बी कधी केऑनसोबत आधी जे/साय हा कण देतो, आणि तो दोन्ही जोड्यांमध्ये जवळपास सारख्याच प्रमाणात मोडतो, दोन्हीकडे ६ टक्क्यांच्या आसपास. त्या मार्गाने आलेल्या घटनांनी भागलं की डिटेक्टरचा पक्षपात बराचसा कटतो.

तिरपा कोन

बराचसा म्हणजे? इथेच पाणी मुरतंय ना? जे/सायची चाचणी पास झाली असेल तर यंत्र बरोबर. मग चूक उरली कुठे?

उरलेली ऊर्जा

चाचणी पास झाली ती योग्यच झाली. ती कार्यक्षमता तपासते, म्हणजे खऱ्या इलेक्ट्रॉनपैकी किती पकडले. खोटे किती घुसले हे तिला दिसत नाही.

बी मेसॉन कधी कधी नुसत्या हॅड्रॉन्समध्ये (क्वार्कचे बनलेले कण) मोडतो, केऑन आणि दोन पायॉन असा. ते दोन्ही पायॉन इलेक्ट्रॉन म्हणून खपले की घटना हुबेहूब आपल्या हव्या घटनेसारखी दिसते, वस्तुमानही बीच्याच जवळपास. असं फार क्वचित होतं. पण जे/सायचा मार्ग आपल्या दुर्मीळ मार्गापेक्षा शेकडो पटींनी गजबजलेला आहे. तिथे हे भामटे गर्दीत हरवून जातात, गुणोत्तर हलत नाही. दुर्मीळ मार्गात मात्र तेवढेच भामटे इलेक्ट्रॉनचा आकडा फुगवतात. छेदात इलेक्ट्रॉन असल्यामुळे गुणोत्तर खाली येतं.

डिसेंबर २०२२ च्या विश्लेषणात ओळखीची अट कडक केली आणि उरलेले भामटे सिम्युलेशनच्या भरवशावर न सोडता डेटामधूनच मोजले. गुणोत्तर ०.९४९ वर आलं, आणि उत्तेजित केऑनसाठी १.०२७. दोन्ही आकडे स्टँडर्ड मॉडेलशी जुळतात.

ज्या गटाने तफावत जाहीर केली त्यानेच ती खोदून काढली आणि स्वतःच छापली. निव्वळ वाचक, तुमचं पान आठवरचं बरोबर आहे, पण दोष छापखान्याचा, प्रयोगाचा नाही. ३ सिग्मा ही 'लक्ष द्या' अशी खूण आहे, 'सापडलं' म्हणायला ५ लागतात, आणि ही गोष्ट मूळ निबंधाच्या सारांशातही होती: तिथे शोध नव्हे, 'पुरावा' एवढाच शब्द होता.

एक गोष्ट बातम्यांमध्ये आलीच नाही. दुरुस्तीत म्यूऑनचा आकडा हलला नाही, इलेक्ट्रॉनचा खाली आला. म्यूऑनचा क्षयदर सिद्धांताच्या गणितापेक्षा आधीपासून कमी होता, तो तसाच आहे. आता इलेक्ट्रॉनही त्याच्या रांगेत जाऊन बसला. म्हणजे कोडं समतेचं नसून दोघांना सारखंच लागू पडणारं आहे. ते नवं भौतिकशास्त्र आहे की चार्म क्वार्कच्या परिणामांचा हिशोब कच्चा आहे, यावर सिद्धांतवाल्यांची अजून जुंपलेली आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला, पण पैज लावणार नाही.

साइडबँड

टाऊला सगळे विसरलात. डब्ल्यूच्या क्षयात लेप या सर्नच्या जुन्या यंत्राच्या काळी टाऊ-म्यूऑन गुणोत्तर १.०७० आलं होतं, अनिश्चितता ०.०२६, आणि वर्षानुवर्षं ते डोक्याला ताप होतं. अ‍ॅटलासने (सर्नचाच दुसरा प्रयोग) टॉप क्वार्कच्या जोड्यांमधून मिळणारे डब्ल्यू वापरून मोजलं तर ०.९९२, अनिश्चितता ०.०१३. तीही तफावत गेली. राहता राहिलं आर-डी-स्टार. त्याचं काय म्हणणं?

उरलेली ऊर्जा

ते मात्र अजून उभं आहे. बी मेसॉन डी-स्टारसोबत (चार्म क्वार्क असलेला कण) टाऊ किती वेळा देतो, भागिले म्यूऑन किती वेळा. टाऊ जड असल्यामुळे इथे अपेक्षा १ ची नाही, सुमारे ०.२५ ची. बाबार प्रयोगाने २०१२ मध्ये ०.३३२ मोजलं. नंतर बेल आणि एलएचसीबीही आले, आकडे हळूहळू खाली सरकत गेले, पण सरासरी अजून ०.२८ च्या आसपास आहे. आर-डी, म्हणजे डी मेसॉनसाठीचं तेच गुणोत्तर, सोबत धरलं तर तफावत ३ सिग्माच्या वर राहते.

ही तफावत आधीच्या भानगडीने उडणार नाही, कारण एलएचसीबीच्या मूळ पद्धतीत टाऊ म्यूऑनमध्येच मोडलेला घेतात. अंशात आणि छेदात डिटेक्टरला तोच म्यूऑन दिसतो. त्रास वेगळा आहे: अंशाच्या घटनेत तीन न्यूट्रिनो निसटतात, त्यामुळे टाऊची खूण म्हणून एकही टोक मिळत नाही, फक्त वितरणांचे आकार जुळवत बसावं लागतं. डी-स्टारपेक्षा जड चार्म अवस्था तिथे घुसल्या तर त्यांचे आकारही तसेच दिसतात. मला शंका घ्यायची असेल तर मी तिथे घेईन.

जपानमधल्या बेल-२ मध्ये बी नेहमी जोडीने जन्मतात. एक पूर्ण जुळवला की दुसऱ्याचा संवेग कळतो आणि निसटलेल्यांचा हिशोब लागतो. आकडेवारी कमी, पण खोड्या वेगळ्या. दोन वेगळ्या खोड्यांचे प्रयोग एकाच आकड्यावर अडून बसले, तर मी पुन्हा रात्री जागायला तयार आहे.

तिरपा कोन

पायॉनचा हिशोब स्वतः करून पाहिला, १.२८ आला. फोटॉनच्या दुरुस्तीचं खूळ आता डोक्यात शिरलंय, त्यासाठी वेगळा धागा काढतो.