स्वस्तात स्वस्त उपाय म्हणजे एचएफसी-२३

बाजार आपोआप सगळ्यात स्वस्त उपाय शोधून काढतो, म्हणून कार्बन क्रेडिटची (एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण टाळलं की एक क्रेडिट) खरेदी-विक्री चालू राहू द्यावी, असं तिचे समर्थक म्हणतात. शोधतो हे खरंच आहे, गोम तिथेच आहे. क्योटो या हवामान कराराखालच्या सीडीएममध्ये, म्हणजे विकसनशील देशांतल्या प्रकल्पांची क्रेडिट श्रीमंत देशांना विकायच्या योजनेत, त्याने काय शोधलं? एचएफसी-२३. जुन्या एसीत असतो तो आर-२२ गॅस बनवताना हा नको असलेला वायू बाहेर पडतो. तेव्हाच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापदायक, म्हणजे एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट. दहा युरो भाव धरा: १ लाख १७ हजार युरो. जाळायचा खर्च मात्र क्रेडिटमागे एक युरोच्याही आत! मालापेक्षा कचऱ्यातच कमाई जास्त, मग कचरा कमी कोण करणार? अखेर मे २०१३ पासून युरोपच्या बाजाराने ही क्रेडिट घेणंच थांबवलं.

पुढचा भाग या चर्चेत सहसा येतच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये, असे तापदायक एचएफसी वायू कमी करण्यासाठी किगालीत आंतरराष्ट्रीय वाटाघाटी चालू असताना, भारत सरकारने आपल्या उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने जाळायला सांगितलं. जे काम करायला एवढी क्रेडिट वाटली, ते एका सरकारी आदेशात बसलं. आता, हा वायू जाळायच्या भट्ट्या आधी क्रेडिटच्या जिवावरच उभ्या राहिल्या होत्या, हे मान्य. म्हणून ‘सगळा धंदाच खोटा’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पण भट्टी उभी राहिल्यावरही वर्षानुवर्षं पैसे कशाचे मोजले, ते कोणीतरी सांगा.